ब्लेड उचलायची जागा

जुन्या आरागिरणीच्या पुढे,
रस्ता दमल्यासारखा डावीकडे वळतो
तिथं मी ग्रेडरचं ब्लेड उचलतो.
चाळीस पावलं. मग परत टेकवतो.

बावीस वर्षं झाली.
तेवढ्याच जागेत रस्त्याला टेंगूळ आलंय,
लाकडाचे ट्रक आदळतात,
ड्रायव्हर माझ्या नावानं खडे फोडतात.
मुकादम ऑर्विल झ्विकर एकदा म्हणाला,
"ओबेड, तुझा हात नेमका तिथंच का आखडतो?"
म्हटलं, "थंडीनं."
एप्रिल संपत आला होता.

बांधाच्या उतारावर, ऐन खरवडायच्या जागी,
मेफ्लॉवर पसरलंय.
कुणाला दाखवायला जावं
तर माणूस स्वतःच्या बुटांकडे बघतो.
आधी दिसतात ती पानं, तीही गेल्या वर्षीची,
चामड्यासारखी, गंजाच्या डागांची, अळीनं चाळण केलेली,
पाच महिने बर्फाखाली दबून हिरवीच.
देठावर लव, म्हाताऱ्याच्या कानावर असते तशी.
गुडघे टेकायचे, पानं सारायची,
नाक मातीला लागेस्तोवर वाकायचं,
मग ती फुलं, नखाएवढी, फिकट गुलाबी,
आणि तो वास.
कसा ते मला नाही सांगता येत.
मी डिझेलमध्ये वाढलेला माणूस.

थर्झामावशीला सांगता आलं असतं.
ती एवढंच म्हणाली होती, "तिथं ब्लेड उचल."
आमच्या घरात
मावशीला कारण विचारायची पद्धत नव्हती.

कारण तिनंच काढलं, कितीतरी वर्षांनी,
बटाटे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता.

"नऊ वर्षांची होते.
स्टेशनावर गाडी बारा मिनिटं थांबायची.
हॅलिफॅक्सला जाणाऱ्या बायका खिडकीतून हात काढायच्या.
जुडीला दहा सेंट.
आम्ही पोरं पहाटेच चर्चमागच्या टेकडीवर.
खुडत बसायला वेळ कुणाला?
ओढायचं.
ओढलं की अख्खी वेल यायची मुळासकट,
स्वेटरचा धागा निघावा तशी.
त्या वसंतात मी बूट घेतले. तपकिरी.
तीन वसंतांनी टेकडीवर नुसतं शेवाळ उरलं.
मग आरागिरणीच्या रानातून एक रोप खणलं,
मातीसकट, फडक्यात बांधून, टेकडीवर लावलं.
मेलं.
दुसरं आणलं.
सात रोपं मारली मी, ओबेड,
चूक निस्तरायच्या नादात."

बटाट्याचं साल तुटलं नाही.
एकसंध, लांबच लांब, परातीत उतरलं.

वनखात्याच्या एका पोरीला मी नंतर विचारलं.
म्हणाली, याच्या मुळांचं मातीतल्या बुरशीशी घट्ट गूळपीठ असतं,
खणलं की ते तिथंच तुटून राहतं.
बी मुंग्या नेतात, गोडाच्या लोभानं.
जेवढं मुंगी नेईल तेवढंच ते जातं.
आरागिरणी ते टेकडी अडीच मैल.
मी सिगारेटच्या पाकिटावर हिशेब मांडला,
आणि पाकीट स्टोव्हमध्ये टाकलं.

मावशी नोव्हेंबरात गेली, जमीन गोठायच्या आत.
कबरीवर ग्लॅडिओलस होते,
प्लास्टिकच्या कागदात, किमतीच्या चिठ्ठीसकट.

यंदा कंपनीनं नवा मुकादम पाठवलाय.
त्याच्या टॅब्लेटवर रस्ता निळा दिसतो
आणि माझं टेंगूळ लाल ठिपका.
"हे काय आहे?"
मी बघतो म्हटलं.

इंजिन चालू ठेवून उतरलो.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
पायानं मोजलं, पानापासून पानापर्यंत,
टाचेला अंगठा नाही, माझी नेहमीची ढांग.
त्रेचाळीस भरली.
पुन्हा मोजली.
वरची तीनही टेकडीकडच्याच अंगाला.

आता मी ब्लेड तीन पावलं आधी उचलतो.
मुकादमाला सांगितलंय,
थंडी वाढलीय.